धांड्यांच्या गाड्या

सुहासिनी,

यवतमाळहून आलीस की ओसरीवर गाड्या शोधू नकोस. आळीतल्या पोरांकडून तू ज्वारीच्या धांड्यांच्या बैलगाड्या करून घेतल्या होत्यास ना, त्या सासूबाईंनी सकाळी सरपण समजून न्हाणीच्या चुलीत घातल्या. मातीचे बैल तेवढे वाचले. आणि पोरांचा तान्हा पोळा आजच! मला वाटलं, आता रडारड होणार. पण त्या पोरांतली गंगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कायले रडता रे? सुहासकाकूनं थोडीच करून देल्या होत्या? आपणच केल्या ना!"

झालं. पोरांनी नवे धांडे आणले, साल सोलून चाकं वाकवली, आतल्या भेंडाची जुवं केली. मी नुसती बघत राहिले. बाई गं, शिकवावं तर असं! शेवटी सासूबाईही पदर खोचून त्यांच्यात बसल्या, आणि चाक वाकडं झालं म्हणून गंगीची बोलणी खाल्ली.

आम्ही मारुतीच्या पारावर आहोत. पोहे झाकून ठेवलेत, खाऊन लगेच ये. यवतमाळच्या डॉक्टरीणबाई या वेळी काय म्हणाल्या ते नंतर बघू.

एरवी यांना 'लोकांची पोरं' म्हणणाऱ्या सासूबाईंनी तुला निरोप ठेवलाय: "सुहासला म्हणावं, आपली पोरं वाट बघताहेत."

शोभावहिनी