इटचा गठ्ठा

७ ऑगस्ट २०२५, गुरुवार

ह्यांना झटका येऊन आज चोवीस दिवस. उजवा हात लुळा, वाचा बंद. पुण्याहून शेफाली मॅडम आल्या होत्या. गेलेली वाचा परत यावी म्हणून शिकवतात त्या. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. म्हणाल्या, "काकू, पहिले तीन महिने फार मोलाचे. रोज दोन वेळा बोलून घ्यायचं. घरातलेच मराठी शब्द घ्या. पाणी, चहा, भात, तुमचं नाव."

माझं नाव! धडधाकट होते तेव्हा तरी कुठं घेतलं? 'ए' म्हणत.

८ ऑगस्ट

माळ्यावरून ह्यांचा बिस्किटांचा डबा काढला. आत कार्डांचे गठ्ठे, रबर लावलेले. भोरच्या शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं ते ह्याच कार्डांवर. शेवटची दोन अक्षरं सारखी असलेले छोटे छोटे शब्द एका गठ्ठ्यात. कॅट, रॅट, मॅट, फॅट — हा ॲटचा. पॅन, फॅन, मॅन — ॲनचा. मागं ह्यांच्या वळणदार अक्षरात मराठी अर्थ.

लग्नानंतर मलाही ह्याच कार्डांवर शिकवलं. शिकवलं कसलं — पाहुणे आले की स्वयंपाकघराच्या दारात उभं करायचे. "गुंजवणे गावची सातवी पास आहे, बघू काय येतंय." फॅट विचारताना माझ्या दंडाकडं बोट. दहा शब्द अर्थासकट आले की म्हणायचे, "सिट." मग बसायचं. नाही आले तर उभंच, पाहुणे जेवून गेले तरी.

पाणी-चहा-भात गेलं चुलीत. मी ह्यांना इंग्रजीच शिकवणार.

१२ ऑगस्ट

कॅट. बोला, कॅट. — "आ… आ…" लाळ गळते. मी पुसत नाही. आधी शब्द, मग रुमाल. आधी शब्द, मग चहा. चहा निवला, त्यावर साय धरली. मग तो मीच प्यायले, त्यांच्यासमोर बसून.

बाळाबाई केर काढत होती. म्हणाली, "बाई, सरांना समदं कळतंय बरं का. डोळं बघा त्येंचं."

कळावं म्हणूनच तर चाललंय.

१४ ऑगस्ट, गुरुवार

शेफाली मॅडमना सांगितलं, रोज दोन वेळा घेते. खोटं नाही. काय घेते ते त्यांनी विचारलं नाही. "अशी बायको नशिबानं मिळते," म्हणाल्या ह्यांना. ह्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

२० ऑगस्ट

"आ." बाकी काही नाही.

२६ ऑगस्ट

डब्याच्या तळाशी इटचा गठ्ठा आहे. सिट, हिट, फिट, पिट. त्याचं रबर मी काढलं नाही. काढणारही नाही.

सातवा महिना होता मला. शाळेतले दोन मास्तर जेवायला आलेले. नऊ शब्द आले. दहावा पिट. मला येत होता! पण त्याच महिन्यात माझ्या माहेरची भातखाचरं धरणाला गेली होती, आणि हे हसत म्हणाले, "पिट म्हणजे खड्डा. हिच्या बापाची जमीन गेली ना, तो." माझी जीभच उचलेना. मास्तर जेवले, पान खाल्लं, गेले. मी उभी. शेवटी भिंत धरून खाली घसरले तर म्हणाले, "मी सांगितलं का बसायला?" मी परत उठले.

प्रेरणा झाली ती सुखरूप झाली, तेवढं नशीब. ती आता नाशिकला असते. रोज फोनवर विचारते, "आई, बाबा बोलले का?" नाही म्हणते मी. खरंच सांगते.

५ सप्टेंबर, शुक्रवार

शिक्षकदिन. ह्यांचा जुना विद्यार्थी गोरख आला. कापूरहोळला गॅरेज आहे त्याचं. शाल, नारळ, पेढे घेऊन. म्हटलं बरं झालं, पाहुणा हवाच होता. ह्यांना काठी दिली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं. पाय लटपटत होते. कार्ड धरलं समोर. "बोला, रॅट. ऐकू द्या गोरखला."

तो आधी हसला, त्याला गंमत वाटली. मग हसू मावळलं.

"काकू, बसू द्या त्यास्नी."

"दहा शब्द आले की बसतील."

"ह्या रॅटपायी सरांनी मला आख्खा तास बाकावर उभं केलतं. लई शिव्या दिल्या म्या मनात. पर असं न्हाई ओ, काकू. असं न्हाई करू."

त्यानं ह्यांना अलगद उचलून खुर्चीत बसवलं. स्वतःच्या रुमालानं तोंड पुसलं. चहाला थांबला नाही.

त्याला काय जातंय बोलायला! एक तास उभा होता तो. माझे तास कोण मोजणार?

११ सप्टेंबर, गुरुवार

शेफाली मॅडमना कार्डं दिसली. "हे काय, काकू? मराठी घ्यायला सांगितलं होतं ना? वेळ निघून चाललाय."

"इंग्रजीचे सर होते. म्हटलं, आवडीचं तेच घ्यावं."

त्यांना पटलं. ह्यांनी डावा हात खुर्चीवर आपटला, दोनदा. मॅडम म्हणाल्या, "बघा, उत्साह आहे अजून."

२८ सप्टेंबर

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. माझे चार दिवस हेच. खरं सांगायचं तर मजा येत नाही. पण सोडवतही नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

शेफाली मॅडम म्हणाल्या, आता फारसं काही परत येईल असं वाटत नाही. "तुम्ही कसूर ठेवली नाही, काकू." ह्यांच्या डोळ्यांतून पाणी. मला आत कुठंतरी गार वाटलं, लपवत नाही.

संध्याकाळी गठ्ठे डब्यात भरले. डबा माळ्यावर. ह्या घरात आता बोलेन ती मीच.

१४ ऑक्टोबर

तीन महिने पुरे झाले. सकाळी चहा घेऊन दारात उभी होते. ह्यांनी मान वर केली. माझ्याकडं नीट पाहिलं. ओठ जुळवले. अगदी स्वच्छ, पूर्वीच्याच आवाजात म्हणाले, "सिट."

कप खाली ठेवायच्या आत मी बसले होते. जमिनीवर.