शनिवारी तेल बाहेर जात नाही

अण्णा,

आज सकाळी खोबरेलाची बाटली पुन्हा गोठली. आईने ती उन्हात नेऊन ठेवली आणि मी चहाचा कप हातात धरून बाटलीकडे बघत बसलो. कडेचं तेल आधी सुटतं, मधला पांढरा गोळा तसाच राहतो. बाटली हलवली की आतल्या आत फिरतो, बाहेर काही येत नाही. आई म्हणाली, "काय बघतो एवढं? डोक्याला लावायचं तेल हाय ते." तुम्ही जाऊन किती हिवाळे झाले, पण थंडी पडली की माझं डोकं त्या एका शनिवारापाशी येऊन अडतं. त्या दिवशी मी तुमच्यावर का ओरडलो ते तुम्हाला कळलंच नाही. टेम्पोचा फिल्टर खराब झाला म्हणून पोरगं पेटलं, असं समजूनच तुम्ही गेलात.

कॉलेज सोडून आलो तो दिवस तुम्हाला आठवत असेल. प्रॅक्टिकल चालू असताना सर सगळ्या मुलामुलींसमोर म्हणाले, "तुम्ही आपले कांदेच विका," आणि मी हातातली काचेची नळी बेसिनमध्ये आपटून निघालो, ते थेट पिंपळगावची एस.टी. धरली. तुम्ही टेम्पोखाली आडवे होतात, नुसते पाय दिसत होते. मी वाकून सांगितलं, परत जाणार नाही म्हणून. आतून आवाज आला, "चौदाचा पाना दे." बस, एवढंच. मला वाटलं होतं तुम्ही माराल, निदान शिव्या तरी द्याल. मग मीही तोंड सोडलं असतं आणि कुठेतरी निघून गेलो असतो. तुम्ही पाना मागितलात, मी दिला, आणि तेव्हापासून मी इथेच आहे.

त्या साली डिझेल मिळेना. पंपावर टेम्पो, ट्रॅक्टर आणि रिकामे ड्रम यांची रांग हायवेपर्यंत यायची. द्राक्षाला पाणी पाहिजे आणि विहिरीवरचं इंजिन मुकं. तेव्हा मला नाशिकच्या गंगापूर रोडवरचं ते हॉटेल आठवलं, आम्ही कॉलेजची पोरं जिथे वडे खायचो ते. कढईतलं काळं तेल तिथे मागच्या गटारीत ओतत. हॉटेलवाल्याची मुलगी माझ्याच वर्गात होती. तेलासाठी मी तिच्याकडे जाऊ लागलो, की तिच्यासाठी हे तेलाचं खूळ काढलं, हे मला आजही धड सांगता येणार नाही.

पहिल्या खेपेला मी शहाणपणा करून तेलात कॉस्टिक सोडा घातला आणि पातेलंभर साबण झाला. तुम्ही बोटाला लावून वास घेतलात. "कॉलेज सोडून साबणाचा कारखाना काढला का रे?" आईने त्यात गोधड्या धुतल्या. मग मी साधी रीत धरली. तेल चुलीवर तडतड थांबेपर्यंत तापवायचं, गाळ बसू द्यायचा, तुमच्या जुन्या धोतरातून गाळायचं, त्यात रॉकेल आणि असेल तेवढं डिझेल मिसळायचं. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. सगळ्या मळ्यात भज्यांचा वास. शेजारचे आबा बांधावरून ओरडले, "काय अण्णा, आज विहिरीवर कांदाभजी का?" तुम्ही म्हणालात, "या की! फक्त वाकून सायलेन्सरला तोंड लावा." हसलात. पण मी टेम्पोचं नाव काढलं तसे एकदम उखडलात. "टेम्पोत थेंब टाकशील तर हात तोडीन. ती लक्ष्मी हाय, विहिरीवरचं गाढव नाय." मला ते फार लागलं होतं. माझं तेल गाढवापुरतं.

दर शुक्रवारी संध्याकाळी मी डबा घेऊन जायचो. शुक्रवारीच, कारण शनिवारी हॉटेलवाला तेल हलू देत नसे. शनिवारी तेल विकत आणायचं नाही, घरातलं बाहेर द्यायचं नाही, अगदी गटारीत टाकायचंसुद्धा नाही. मागच्या दारात ती डबा भरून द्यायची. "काय इंजिनिअर, आज झाकण आणलंय की पुन्हा पँटीवर सांडणार?" मी म्हणायचो, सांडलं तर तूच धू. ती म्हणायची, "तुझा तो साबण आण, मग धुते." आमचं प्रेम म्हणजे एवढंच होतं अण्णा, एक दार, एक डबा, आणि आतून तिच्या वडिलांची हाक येईपर्यंतचा वेळ. पण आठवडाभर मी त्यावर जगायचो. वेलींना पाणी देताना, कांद्याच्या गोण्या चढवताना, तुमच्या शेजारी केबिनमध्ये अंग चोरून बसताना माझ्या कपड्यांना तो तळणाचा वास असायचा आणि मला तो धुऊन टाकवत नसे.

मग एका शुक्रवारी ती हसली नाही. म्हणाली, "पुढच्या रविवारी सुपारी फुटतेय. मुलगा बँकेत आहे." माझं डोकं फिरलं. आत्ता जाऊन तुझ्या बापाशी बोलतो म्हणालो. तिने माझा शर्ट धरला. "ओरडू नकोस. सगळीकडे ओरडतोस म्हणून तर असा झालास. आदल्या दिवशी, शनिवारी ये. बाबा सकाळी मारुतीला जातात, आणि तेल न्यायला कुणी येत नाही म्हणून या दाराकडे कुणाचं लक्ष नसतं. टेम्पो आण. स्टँडवर बाबांची निम्मी गिऱ्हाइकं भेटतात. नांदगावला माझी मैत्रीण शाळेत शिकवते, तिच्याकडे जाऊ. पण दहाच्या आत ये. नंतर ते परत येतात." आणि डबा माझ्या हातात देताना, नेहमीच्या आवाजात, "हे जपून वापर हं. आठवडाभर वनस्पती तुपात तळतोय आम्ही." म्हणून तो डबा मी पडवीत बाजूला ठेवला. वनस्पती थंडीत गोठतं. उन्हाळ्यात बघू म्हटलं. उन्हाळ्यात मी इथे असणारच नव्हतो.

आदल्या संध्याकाळी मी तुम्हाला म्हणालो, उद्या सकाळी टेम्पो पाहिजे, नाशिकला जायचंय. तुम्ही म्हणालात, "शनिवारी? शनिवारी कोण तेल देतो तुला?" मित्राचं सामान आहे, मी म्हणालो. तुम्ही माझ्याकडे जरा वेळ बघितलंत आणि विडी पेटवलीत.

सकाळी धुकं होतं. टेम्पो पहिल्या फटक्यात लागला. मी गाणं म्हणत होतो अण्णा, मोठ्याने, भर थंडीत, काच खाली करून. ओझरच्या अलीकडे इंजिन एकदा अडखळलं, दुसऱ्यांदा अडखळलं, आणि बसलं. फिल्टर खोलला तर आत लोण्यासारखं पांढरं. चहाच्या टपरीवरून गरम पाण्याची किटली आणून ओतली, नळीखाली कागद जाळले. फर्लांगभर गेला, पुन्हा बसला. पुन्हा पाणी, पुन्हा कागद. हात तेलकट, काड्या पेटेनात. शेवटी टेम्पो तिथेच टाकून एका ट्रकला लोंबकळत नाशिक गाठलं, तोवर ऊन वर आलं होतं. मागचं दार आतून बंद. पुढून गेलो. ती एका टेबलावर पाण्याचे ग्लास ठेवत होती. तिने बघितलं नाही. गल्ल्यावरून तिचे वडील म्हणाले, "अरे, आज कुठे आलास? शनिवारी तेल बाहेर जात नाही, एवढं ठाऊक नाही का तुला?" कपाळाला मारुतीचा शेंदूर. मी हो म्हणालो आणि परत फिरलो. रविवारी सुपारी फुटली.

घरी आल्यावर मी काय काय बोललो ते तुम्ही ऐकलंत. डबे लाथाडले, धोतराची गाळणी फाडली. तुम्ही पडवीत उभे. "आरं, काल दिवसभर लायनीत व्हतो, डिझेल नाय मिळालं. टाकी कोरडी. तुला तर जायचं व्हतं. म्हटलं, घरी पंप असताना लायनीत कशाला उभं राहायचं? पडवीतल्या डब्यातलं थंडीनं बसलं व्हतं, ते मी चुलीवर पातळ केलं. तू करतो तसंच गाळलं, रॉकेल घातलं." तू करतो तसंच. म्हणजे इतके दिवस तुम्ही विडी ओढत लांबून सगळं बघत होतात.

तुम्ही गेल्यावर टेम्पो माझ्याकडे आला, मळा आला, आई आली. आता डिझेल वाटेल तेवढं मिळतं. तोच रस्ता, तीच केबिन, शेजारची तुमची सीट रिकामी तरी मी अजून अंग चोरूनच बसतो. गंगापूर रोडवरचा माल मी घेत नाही. आई पोरी सुचवते, मी तिच्यावर ओरडतो, ती भांडी आपटते, आणि सकाळी पुन्हा किल्ली फिरवायची. कधी वाटतं, सगळं टाकून निघावं. पण निघायचं ते याच टेम्पोतून.

हा कागद कुठे धाडायचा नाही. बाटली आता सुटली असेल, आई हाक मारतेय. एकच सांगायचं राहिलंय. ओझरला टेम्पो बसला तेव्हा मी आधी टाकीचं झाकण उघडलं, आणि आतून भज्यांचा वास आला. लक्ष्मीच्या टाकीत माझं तेल. तुमच्याशिवाय ते कोण ओतणार? राग नंतर आला, तीही नंतर आठवली. त्याच्या आधी, हातात ते झाकण धरून, रस्त्याच्या कडेला एकटाच, मी हसलो होतो अण्णा.