एकाच घराण्याचे पाय

प्रिय आत्या,

आधी नमस्कार, मग तब्येतीची चौकशी आणि मग रडगाणं, हा तू शिकवलेला क्रम मी आजही पाळते आहे. तुझा गुडघा कसा आहे? (नुसतं "बरा आहे" लिहू नकोस. बरा असताना तू तेच लिहितेस आणि नसतानाही तेच, त्यामुळे त्यातून मला काहीच अनुमान काढता येत नाही.) मी मजेत आहे. म्हणजे झोप लागत नाही, भूक दुप्पट लागते आणि जिना चढताना मी एकटीच हसते.

नोकरीचं विचारलं होतंस. आमचा कारखाना सपाता बनवतो, घरात घालायच्या मऊ चपला, आणि मी तिथली अंदाज बांधणारी. मला कायम करायचं की निरोपाचा चहा पाजायचा, हे मालक या महिनाअखेरीस ठरवणार आहेत. नेमक्या अशा वेळी मी जे करून ठेवलं, ते तुझ्याखेरीज कुणाला सांगू?

मालकांना एकाच मापाची नवी सपात काढायची होती, सगळ्यांना होईल अशी. साचा एकदा ओतला की बदलत नाही, म्हणून त्यांनी मला लोकांच्या पायांची सरासरी लांबी काढायला सांगितली. जगातले सगळे पाय काही मोजता येत नाहीत. थोडे मोजायचे आणि बाकीच्यांचा अंदाज करायचा: शितावरून भाताची परीक्षा, जी तू मला शाळेत जायच्या आधीच ओट्याजवळ स्टुलावर उभं करून शिकवलीस. पण अनोळखी माणसाला "जरा पाय दाखवता?" म्हणायची मला भयंकर लाज. म्हणून आजोबांच्या वाढदिवसाला सगळं घराणं जमलं, तेव्हा मी टेबलाखाली शिरले आणि कागदावर एकेकाचा पाय आखून घेतला. (बाबांना गुदगुल्या होतात, म्हणून त्यांचा तीनदा आखला आणि मधला धरला. तू मला मांजर समजून लाथ मारलीस, त्याबद्दल राग नाही.) बाकीच्या सुना आणि जावई आत भांडी घासत होते, आपल्याकडे बसून खायचा मान रक्ताच्या माणसांनाच. टेबलाशी बाहेरची अशी एक काकूच होती, आणि तिचा पाय एवढासा निघाला. इतरांचे कसे ऐसपैस, आणि हाच एवढासा? नक्की माझीच मोजण्यात चूक, असं समजून मी तो अगदी प्रामाणिकपणे खोडला. काकू वरून बघत होती. म्हणाली, "लग्नाला एवढी वर्षं झाली, अजून मी या घरात मोजण्यात नाहीच का?" सगळे हसले. मीही हसले. खरं तर तिथेच थांबून विचार करायला हवा होता.

हिशोब मात्र काय सुंदर आला! खरी सरासरी अमुक दोन हद्दींमध्ये कुठेतरी असावी, असं सांगायचं असतं. माझ्या दोन हद्दींमध्ये नखसुद्धा मावत नव्हतं. मी खुर्चीसकट गिरकी घेतली आणि मालकांकडे धावले. त्यांना हद्दी नकोच होत्या, एक आकडा हवा होता. मी म्हटलं, "पंच्याण्णव टक्के खात्री आहे." "आणि उरलेले पाच?" मी समजावलं, की खात्री या आकड्याची नाही, पद्धतीची असते; असे शंभर वेळा पाय मोजले तर साधारण पंच्याण्णव वेळा खरी सरासरी हद्दींत सापडेल, पाच वेळा निसटेल. "मग आपली ही वेळ पंच्याण्णवातली की पाचातली?" "ते कळत नाही, साहेब." "मी बायकोला असं सांगतो का, की मी बहुतेक घरी येतो, फक्त आजचं विचारू नकोस?" मग त्यांनी हद्दींच्या मधला आकडा उचलला, साचा ओतून घेतला आणि उत्साहाच्या भरात मागची खोली छतापर्यंत भरेल इतक्या सपाता करून टाकल्या.

पहिला जोड मालकांनीच घातला. ते जिना चढून वर गेले, सपाता खालच्या पायरीवरच राहिल्या. पॅकिंगच्या बायकांपैकी एकीने त्यात जेवणाचा डबा ठेवून पाहिला, तो मावला. सगळ्या कारखान्यात एकीलाच त्या बेतल्यासारख्या बसल्या, आणि ती मी! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हद्दी अरुंद होत्या कारण पाय सारखे होते, आणि पाय सारखे होते कारण सगळे एकाच पणजोबांचे. मी भलत्याच माणसांना मोजते आहे, हे त्या बिचाऱ्या हद्दींना कुठून कळणार? "आधी ढवळ, मग शीत काढ," असं तू म्हणायचीस. मी तर भांडंच दुसरं उघडलं होतं.

मालकांना सगळं सांगून टाकलं आणि लाज गुंडाळून रस्त्यावर गेले. वाचनालयातून बाहेर पडणारा दर दहावा माणूस मोजायचा, मग तो कसाही असो. पहिल्याच दहाव्याच्या पायाला प्लास्टर. (दुसरा पाय मोजला.) पुढचा पळाला. त्याच्याऐवजी अकरावा घेणं मनाला पटेना, कारण पळणाऱ्यांचे पाय कदाचित लांब असतील. म्हणून कागद हलवत मी त्याच्यामागे दोन चौक धावले. शेवटी धापा टाकत थांबला आणि म्हणाला, "बाई, मी दातांचा डॉक्टर. रोज लोक माझ्यापासून पळतात. त्यांना कसं वाटतं ते आज कळलं." पाय लहानच निघाला.

नव्या हद्दी चांगल्या रुंद आल्या, आणि पाय इतक्या तऱ्हांचे, की सरासरीची सपात निम्म्यांना घट्ट आणि निम्म्यांना सैल. मालकांनी पहिल्यांदाच एक आकडा मागितला नाही. तीन मापांचे साचे ओतायचं ठरलं. मी हवेत तरंगतच निघाले होते, तेवढ्यात ते म्हणाले, "मागची खोली रिकामी झाली की तू कायम. नाही झाली, तर तुझी खुर्ची रिकामी."

असो. आतोबांना नमस्कार, आणि स्वतःची काळजी घे.

तुझी धांदरट भाची

ता. क. : त्या सपाता ज्यांना नीट बसतील अशी माणसं जगात फक्त आपल्या घराण्यात आहेत, आणि त्या सगळ्यांना दटावून घ्यायला लावेल अशी फक्त तू. एवढं करशील? जमत नसेल तर अगदी मोकळेपणाने नाही म्हण. माझा आग्रह मुळीच नाही.

ता. क. आणखी एक : नाही म्हणायचं असेल तर जरा लवकर म्हण. हे पत्र मी टपालाने पाठवलेलं नाही. ज्याने ते तुझ्या हातात दिलं तो टेम्पोचा ड्रायव्हर आहे. त्याला पाणी दे, आणि दाराच्या दोन्ही फळ्या उघड.