न पाहता लावलेली बोली

अहो,
पोरीले घेऊन मी दुपारच्या गाडीनं मुंबईले निघाली. तुम्ही मोबाइलच्या साइटवर बोली लावून जिंकलेलं हॉटेल तुम्हालेच ठेवा. नांदुऱ्याच्या बाजारात मूठभर तूर तळहातावर घेतल्याबिगर तुम्ही बोली बोलत नाही, अन् पोरीच्या मुलाखतीसाठी नाव झाकलेली खोली घेता, हॉटेल कोणतं ते पैसे भरल्यावरच कळते. मागच्या वेळी जिंकली तिच्या खाली बार होता, दाराले कडी नव्हती. आम्ही माय-लेकी दाराले पलंग लावून झोपलो.

आम्ही धम्मशीलाकडे, तुमच्या सख्ख्या बहिणीकडे उतरतो. घर लहान म्हणून तुम्ही तिथं पाय ठेवत नाही. फोनवर तिनं एवढंच विचारलं, "दादाले अजून ज्वारीचीच भाकर लागते ना?"

मी सांगितलं, दादाले आता हॉटेल लागते.

महामाया