स्कॅनरवरचं कुंकू

बुधवार, संध्याकाळ. पोलादपूर

दोन दिवस एकटीने खपून दुकानातल्या कॉम्प्युटरला बारकोडचा प्रिंटर जोडला. लेबलचं माप जुळवलं, पहिलं लेबल तूरडाळीच्या पिशवीवर चिकटवलं, स्कॅनरने लगेच वाचलं. मग सासऱ्यांनी मशीनची पूजा केली आणि नेमकं स्कॅनरच्या काचेवर कुंकवाचं बोट टेकवलं. झालं! एक लेबल वाचेल तर शपथ.

"आप्पा, काचेवरचं कुंकू पुसते," म्हटलं.

"पूजेचा कुंकू लगेच पुसतात काय गो? तूच काय तरी बिघडवलंस."

सुधीर शेजारीच उभा. नवरा म्हणून एक शब्द? त्याने सरळ इंजिनियरला फोन लावला.

दुपारी महाडहून इंजिनियर आला. रुमालाने काच पुसली, स्कॅनर चालू. आप्पा खूश. "माणूस हुशार हाय!" त्याच्यासाठी चहा मीच टाकला. तेच कुंकू ना? मी पुसलं तर अपशकुन, त्याने पुसलं तर दुरुस्ती.

तो जाताना आप्पांनी त्याच्याकडून कॉम्प्युटरचा पासवर्डही बदलून घेतला. का, तर सुनेचा हात परत लागायला नको. उद्या सकाळी सुधीर तो पासवर्ड टाकेल आणि खुर्चीवरून उठेल. लेबलं काढायला मला बसवण्यासाठी.