विहिरीजवळची मोसंबी

४ सप्टें.
चकलांब्याला घरी. प्रयोगाच्या प्लॉटात गेले. गॅमा किरण दिलेल्या मोसंबीच्या डोळकाड्यांची, म्हणजे डोळे काढून कलम करायच्या काड्यांची, कलमं पाहिली. शेंडे थिटे, खालचे कोंब सगळे एकदम फुटलेत, केरसुणीसारखे. शेंड्यातलं संप्रेरक खाली उतरत नाही, मग कोंबांना आवरणार कोण? बरीच फळंही पिकण्याआधी गळतायत. प्रबंधाला झकास. खूश.

५ सप्टें.
विहिरीजवळच्या जुन्या मोसंबीची एक फांदी तशीच! दादा म्हणतो, "उरलेल्या काड्या फेकायच्या कावून? मीच त्यांचे डोळे ह्या झाडावर भरले, कलम केलं. लई गोड फळं हाईत."
प्लॉटातली खाऊ नका म्हणून बजावलं होतं. या झाडाचं कुणाच्या मनातही आलं नाही. दोन हंगाम सगळे खातायत. वहिनीसुद्धा. तिला सातवा.

६ सप्टें.
प्रबंधाच्या सरांना फोन. म्हणाले, किरण काडीत राहत नाहीत, फळात तर नाहीच. मलाही पाठ आहे, मुलांना मीच शिकवते. "पण पेशींत काय बदललं ते कुणी तपासलंय? प्रयोगाची फळं खायची नसतात." एवढं बोलून ते मीटिंगला गेले.
दादाला गोठ्यामागे नेऊन सांगितलं. आधी हसला. मग, "तिला बोलू नको. पहिलं गेलंय तिचं. भ्यानंच अर्धी व्हईल."

७ सप्टें.
दादाने फांदी तोडली. हायसं वाटलं. आई ओरडली, "आरं, उद्याच्या डोहाळजेवणाला ओटीची फळं सकाळीच काढली म्या, न्हाई तर वाया गेली असती!"
टोपलीत त्या फांदीची आणि बाकीची, सगळी एकत्र. उलटीपालटी करून पाहिली. काही कळत नाही. सगळी सारखीच पिवळट हिरवी. माजलगावहून दुसरी आणते म्हटलं, तर आई, "घरची बाग असून इकतची?"

८ सप्टें.
डोहाळजेवण. बायका, गाणी. आईने वहिनीच्या ओटीत पाच मोसंब्या घातल्या. मी उगाच म्हटलं, "वहिनी, पित्त होईल, नको खाऊ." माझ्या आवाजात काहीतरी असणार. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. दादा खाली बघत होता.
तिथंच एक सोलली तिने. फोड माझ्यापुढे धरली. "ताई, तुमी आधी खावा."
सगळ्या बघत होत्या. घेतली. खाल्ली. गोड होती. हसलेसुद्धा.
मग उरलेली सगळी तिने खाल्ली. मी खाल्ली म्हणून.
आता बसलेय. काही होणार नाही, काही होत नसतं, आणि तरी...