पिंकीचा सीआरपी एक पॉइंट आठ

२ डिसेंबर २०२४
आमच्या पिंकीचा सीआरपी १८. म्हणजे रक्तातली सूज. सिकलसेल असलेल्या पोरीला थोडी कायमच राहते, असं कलबुर्गीचे डॉक्टर म्हणतात. रोज कॅप्सूल द्या, पाणी भरपूर, थंडी टाळा. दोन वर्षं हेच ऐकतोय. कंटाळा आला.
संकल्प: महिन्यात सीआरपी पाचच्या खाली. मी स्वतः लक्ष घालणार.

५ डिसेंबर
हळद-मिऱ्याचा काढा सुरू. बायको, महानंदा, म्हणाली, आधी डॉक्टरांना विचारा. साखर कारखान्याच्या ऐन सीझनमध्ये डॉक्टरांना विचारायला वेळ कुणाला आहे?

९ डिसेंबर
शिफ्टमुळे उठलो नाही. काढा महानंदानं केला. ‘मी स्वतः’ म्हणजे आमचं घर, असं धरावं.

१२ डिसेंबर
कारखान्याच्या वजनकाट्यावर माझ्या हाताखालच्या बंडेप्पानं क्विंटलचा आकडा टनाच्या रकान्यात भरला. मी चारचौघांत झापला. नुसता आकडा बघू नये, पुढं काय लिहिलंय ते बघावं. बावीस वर्षांत माझ्याकडून असं झालेलं नाही.

२३ डिसेंबर
भालकीची नेहमीची लॅब बंद. बसनं उदगीरला नेऊन रक्त तपासायला दिलं. सीआरपी १.८!! अठरावरून! काट्यावर पेढे वाटले.
पिंकी रिपोर्ट बराच वेळ बघत राहिली. आनंद झाला की ती अशीच गप्प होते.
कॅप्सूल बंद करायला सांगितली. महानंदानं डबी उचलून आत ठेवली. म्हणजे पटलं.

२६ डिसेंबर
आठ तास झोप. कित्येक महिन्यांनी. महानंदा म्हणते, घोरत होता. मी घोरत नाही.

३० डिसेंबर, येळवस (वेळ अमावास्या)
पहाटेच मोटारसायकलवर तिघं चिंताकीला, मेव्हण्याच्या शेतात. महानंदाचं तेच, थंडी आहे, बसनं जाऊ. १.८ वाल्या पोरीला बस कशाला?
भाज्या-शेंगांची भज्जी झकास. आंबील तर मी तांब्यानं प्यालो. पिंकी उन्हात शाल घेऊन बसून होती. जेवली कमी.

३१ डिसेंबर
सकाळपासून पिंकीचे पाय आणि पाठ दुखतेय. आवाज न करता रडते. मला ते बघवत नाही.
गाडी करून कलबुर्गी. अ‍ॅडमिट. सीआरपी ९६. मशिन तपासून घ्या, असं मी नर्सला सुचवलं.

१ जानेवारी २०२५
डॉक्टरांनी दोन्ही जुने रिपोर्ट शेजारी ठेवले. भालकीचा आकडा लिटरला, उदगीरचा डेसिलिटरला. दहापटीचा फरक. १८ आणि १.८ एकच.
क्विंटल आणि टन.
मग त्यांनी विचारलं, कॅप्सूल मधे बंद केली होती का? मी खिडकीकडं बघितलं. पिंकीनं सांगितलं, एक दिवससुद्धा नाही. डबी महानंदाच्या पिशवीतून निघाली.
डॉक्टर गेल्यावर पिंकीला विचारलं, तू पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी सायन्सची, तुला त्याच दिवशी कळलं होतं का?
“व्हय अप्पा. तुमी लई दिवसांनी घोरायलताव, म्हून बोलले न्हाई.”
आज संकल्प नाही. चार वाजता तिला पाणी द्यायचं आहे.